विरोधात एकही मत नाही, तरी विधेयक संपलं कसं? कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाचं कामकाज आतून

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या घरून पोळीभाजीचे डबे करून देतात, पण त्यांच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, घरच्या स्वयंपाकघरातून जेवण विकायला परवाना मिळत नाही. सगळ्या काउंट्यांना असे परवाने देण्याची सक्ती करून ही अडचण दूर करणारं एक विधेयक यंदा राज्याच्या विधिमंडळात आलं होतं. त्यांच्या गटाने सह्या गोळा केल्या आणि आपल्या काँग्रेसमनला पत्रं लिहिली. एप्रिलमध्ये पहिल्या समितीत विधेयक एकमताने मंजूर झालं. मे महिन्यात संकेतस्थळावर 'हेल्ड अंडर सबमिशन' (समितीतच राखून ठेवलं) एवढे तीन शब्द आले आणि सगळं थांबलं. ताई विचारतात, विरोधात कुणीच नव्हतं तर ते पाडलं कुणी? आणि आपल्याकडच्या विधानसभेसारखंच इथेही चालतं का?

सॅक्रामेंटोत, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, मी वीस वर्षांहून जास्त काळ काढला. आधी एका समितीच्या कर्मचारीवर्गात होतो, नंतर लहान ना-नफा संस्थांच्या वतीने विधेयकांचा पाठपुरावा करत आलो. त्यामुळे तुमची निराशा मला चांगली कळते. ताई, तुमचं विधेयक कुणी मत देऊन पाडलं नाही. ते खर्चाच्या यादीत अडकलं आणि मतदानापर्यंत पोचलंच नाही. इथली बहुतेक विधेयकं अशीच संपतात. सभागृहात भाषणं होतात त्या दिवशी निकाल आधीच लागलेला असतो. तो कुठे लागतो आणि कधी, हे समजलं की पुढच्या वर्षी तुमचे कष्ट योग्य जागी पडतील.

आधी पत्त्याची चूक दुरुस्त करतो. काँग्रेसमन वॉशिंग्टनला असतात. व्हिसा, इमिग्रेशन, परराष्ट्र व्यवहार, संघराज्याचा आयकर हे त्यांचं क्षेत्र. घरच्या स्वयंपाकघराला परवाना द्यायचा की नाही, यात ते काहीही करू शकत नाहीत. अमेरिकेच्या राज्यघटनेतली दहावी दुरुस्ती १७९१ ची आहे. जे अधिकार संघराज्याला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात, असं ती सांगते. त्यामुळे रोजच्या जगण्याला भिडणारे बहुतेक कायदे राज्यात होतात. वाहन परवाना, शाळा, घरभाड्याचे नियम, विमा, कामगार कायदा, लग्न आणि घटस्फोट, अन्नसुरक्षा हे सगळं सॅक्रामेंटोत ठरतं. आपल्या लोकांचं लक्ष मात्र सगळं वॉशिंग्टनकडे असतं, कारण आपली पहिली दहा-पंधरा वर्षं व्हिसा आणि ग्रीन कार्ड यातच जातात.

तुमचे तिथले प्रतिनिधी दोन. असेंब्लीचे ८० सदस्य दोन वर्षांसाठी निवडले जातात आणि सिनेटचे ४० सदस्य चार वर्षांसाठी. राज्याची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९० लाख. म्हणजे एका असेंब्ली सदस्यामागे जवळजवळ पाच लाख माणसं आणि एका सिनेटरमागे जवळजवळ दहा लाख. कॅलिफोर्नियातून वॉशिंग्टनला ५२ प्रतिनिधी जातात, तेव्हा राज्याच्या सिनेटरचा मतदारसंघ काँग्रेसमनच्या मतदारसंघापेक्षाही मोठा भरतो. न्यू हॅम्पशायरसारख्या चिमुकल्या राज्यात कनिष्ठ सभागृहाचे ४०० सदस्य आहेत आणि त्यांना वर्षाला १०० डॉलर्स मानधन मिळतं. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांसाठी भरतं. नेब्रास्कात १९३७ पासून एकच सभागृह आहे. तेव्हा 'अमेरिकेत असं असतं' असं कुणी सांगितलं की कुठल्या राज्यात, हे आधी विचारा. मी बोलतोय ते कॅलिफोर्नियाबद्दल. इथलं विधिमंडळ १९६६ च्या घटनादुरुस्तीपासून पूर्ण वेळ काम करतं.

आता विधानसभेशी तुलना. सभागृह, समित्या, तीन वाचनं, अध्यक्ष हे सगळं वरवर सारखंच दिसतं. पण मुंबईत किंवा नागपूरला अधिवेशन भरतं तेव्हा सभागृहात सरकार बसलेलं असतं. मुख्यमंत्री आणि मंत्री आमदारांमधूनच येतात, विधेयकं बहुतेक सरकारी असतात आणि सरकारकडे बहुमत असतं म्हणून ती मंजूर होतात. एखाद्या आमदाराचं अशासकीय विधेयक कायदा होणं फार दुर्मिळ. इथे सभागृहात सरकार नावाची बाजूच नसते. गव्हर्नरला लोक थेट निवडतात, तो सभागृहाचा सदस्य नसतो आणि त्याला विधेयक मांडता येत नाही. त्याला काही हवं असेल तर कुठल्यातरी सदस्याला ते मांडायला सांगावं लागतं. अविश्वास ठरावही इथे नाही. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर इथलं प्रत्येक विधेयक अशासकीयच असतं. शिवाय पक्षांतरबंदीसारखा कायदा नाही, व्हिप मोडला म्हणून कुणाचं सदस्यत्व जात नाही. सदस्य पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो आणि देतोही. मात्र असेंब्लीत समित्यांवरच्या नेमणुका स्पीकरच्या, म्हणजे सभागृहाच्या अध्यक्षांच्या, हातात असतात, आणि नेतृत्वाला न जुमानणाऱ्या सदस्याला इमारतीतली सर्वांत लहान खोली देण्याची प्रथा जुनी आहे.

याचा तुमच्यासाठी अर्थ चांगला आहे. मंत्रालयात ओळख नसतानाही, एका सदस्याला पटवून तुम्ही कायदा मांडून घेऊ शकता. इथे तर त्यासाठी रूढ शब्दच आहे, 'स्पॉन्सर'. विधेयक मांडणारा सदस्य हा त्याचा 'ऑथर', आणि ज्या संस्थेने कल्पना आणली, माहिती पुरवली, साक्षीदार उभे केले ती 'स्पॉन्सर'. स्पॉन्सर ही मोठी कंपनी किंवा कामगार संघटनाच असते असं नाही. पाच जणांची संस्था स्पॉन्सर झालेली मी पाहिली आहे.

तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. लॉस एंजेलिसमधला एक हौशी माणूस घरच्या भट्टीत पाव भाजून दुकानांना देत असे. २०११ मध्ये वर्तमानपत्रात त्याचं कौतुक छापून आलं आणि लगेच आरोग्य खात्याने त्याचं काम बंद केलं. तो आपल्या असेंब्ली सदस्याकडे, माइक गॅटो यांच्याकडे गेला. त्यातून एबी १६१६ (एबी म्हणजे असेंब्ली बिल) हे विधेयक आलं, २०१२ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यावर सही केली आणि जानेवारी २०१३ पासून घरी केलेले टिकाऊ पदार्थ विकता येऊ लागले. पाव, बिस्किटं, सुके मसाले असे, फ्रिजमध्ये ठेवावे लागत नाहीत ते पदार्थ. आज जी मराठी मंडळी रीतसर नोंदणी करून घरून नानकटाई आणि मसाले विकतात, ती याच कायद्याच्या आधाराने. एका माणसाने आपल्या प्रतिनिधीचं दार ठोठावलं, तिथून याची सुरुवात झाली.

पण दार कधी ठोठवायचं? इथे तारखांना फार महत्त्व आहे. नवीन विधेयक दाखल करायची मुदत फेब्रुवारीच्या उत्तरार्धात संपते. त्याआधी मसुदा लेजिस्लेटिव्ह काउन्सेलच्या कार्यालयात तयार होतो. हे वकील कुठल्याही पक्षाचे नसतात, तुम्ही साध्या भाषेत लिहून दिलेली मागणी ते कायद्याच्या कलमांत बसवतात. जानेवारीत त्यांच्याकडे कामाचा ढीग असतो, म्हणून सदस्यांची कार्यालयं विषयांची निवड ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच करतात. शिवाय आता प्रत्येक सदस्याला दोन वर्षांच्या सत्रात ३५ विधेयकांचीच मर्यादा आहे. मार्चमध्ये छान कल्पना घेऊन आलेल्या माणसाला मी किती वेळा 'पुढच्या वर्षी या' म्हणून परत पाठवलं असेल, मोजदाद नाही. वाईट वाटायचं, पण इलाज नसायचा.

विधेयक छापून आल्यावर तीस दिवस त्यावर कामकाज होत नाही, लोकांना ते वाचता यावं म्हणून. मग ते विषयाच्या समितीकडे जातं. अन्नाचा विषय आरोग्य समितीकडे, भाड्याचा गृहनिर्माण समितीकडे, कधी दोन समित्यांकडे एकापाठोपाठ. समितीत एक सल्लागार कर्मचारी त्या विधेयकावर टिपण लिहितो. या टिपणाचं महत्त्व बाहेरच्यांना कळत नाही म्हणून थोडं सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः ती लिहिली आहेत. सुरुवातीला विधेयक काय करतं ते असतं, मग सध्याचा कायदा काय आहे, मग खर्चाविषयी एक-दोन ओळी, मग पार्श्वभूमी आणि शंका, आणि सगळ्यात शेवटी पाठिंबा कुणाचा, विरोध कुणाचा याची यादी. सदस्याच्या टेबलावर त्या दिवशी अशी वीस-पंचवीस टिपणं असतात. तो पहिलं पान वाचतो आणि थेट शेवटची यादी उघडतो. आपल्या मतदारसंघातलं एखादं नाव दिसलं तर तिथे थांबतो. या यादीत नाव यायचं असेल तर पत्र सुनावणीच्या साधारण आठवडाभर आधी ऑनलाइन पोर्टलवरून समितीकडे पोचायला हवं. तुमच्या सह्यांचा कागद काँग्रेसमनकडे गेला, त्यामुळे या यादीत तुमचं नाव आलंच नसणार.

सुनावणीला गेलात तर कदाचित दचकाल. दोन्ही बाजूंचे साधारण दोन-दोन मुख्य साक्षीदार, प्रत्येकाला दोन मिनिटं. बाकी सगळ्यांनी रांगेत उभं राहून मायक्रोफोनपाशी नाव, संस्था आणि 'पाठिंबा' किंवा 'विरोध' एवढंच सांगायचं. दोन तास गाडी चालवून आलेली माणसं चार सेकंदांत परत फिरतात. अनेकांना हा अपमान वाटतो. तो अपमान नाही. समोर बसलेले सदस्य रांगेची लांबी पाहतात आणि त्यात आपल्या गावचं कोण आहे ते ऐकतात. म्हणून तुमचं गाव सांगा. 'फ्रीमाँटमध्ये राहते, घरून डबे करते, पाठिंबा' हे सहा शब्द पुरे आहेत.

आता मतांचं गणित, कारण तुमच्या प्रश्नाची गोम इथे आहे. विधेयक मंजूर व्हायला हजर असलेल्यांचं बहुमत चालत नाही, एकूण सदस्यसंख्येचं लागतं. असेंब्लीत ४१, सिनेटमध्ये २१. कर वाढवायचा असेल किंवा कायदा तातडीने लागू करायचा असेल तर दोन-तृतीयांश, म्हणजे ५४ आणि २७. समित्यांमध्येही एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. समजा असेंब्लीत ४० जणांनी बाजूने मत दिलं, २५ जणांनी विरोधात आणि १५ जण गप्प राहिले, तर विधेयक पडलं. गप्प राहणं हेच विरोधी मत. दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटिक पक्षाचं प्रचंड बहुमत असल्यामुळे खरी ओढाताण बहुधा त्या पक्षाच्या आतच चालते. आपल्याच सहकाऱ्याच्या विधेयकाला उघड विरोध केला तर उद्या तो आपलं विधेयक अडवेल, म्हणून सदस्य मतच नोंदवत नाहीत. निकालपत्रात असे सदस्य 'मत नोंदवलं नाही' या रकान्यात दिसतात. कुठल्याही विधेयकाचा निकाल वाचताना मी आधी हा रकाना बघतो.

आपल्या समाजात बऱ्याच जणांना आठवत असेल असं उदाहरण देतो. २०२३ मध्ये सिनेटर आयशा वहाब यांनी जातीवरून होणारा भेदभाव कायद्यात नाव घेऊन बंद करावा यासाठी एसबी ४०३ (एसबी म्हणजे सिनेट बिल) आणलं. सिनेटमध्ये ते ३४ विरुद्ध १ असं मंजूर झालं. असेंब्लीच्या न्याय समितीत त्यात मोठी दुरुस्ती झाली, 'जात' हा स्वतंत्र वर्ग न ठेवता तो 'वंश-पूर्वज' या आधीपासूनच्या वर्गाच्या व्याख्येत घातला गेला. सुनावण्यांना दोन्ही बाजूंनी शेकडो लोक रांगेत उभे होते. आंबेडकरी कार्यकर्ते होते आणि विरोध करणाऱ्या हिंदू संघटनाही होत्या. ऑगस्टमध्ये असेंब्लीत मतदान झालं ते ५० विरुद्ध ३. आकडा एकतर्फी वाटतो, पण ८० जणांच्या सभागृहात मतं नोंदवली ५३ जणांनी. दुरुस्ती झाल्यामुळे ते परत सिनेटमध्ये आलं, तिथे ३१ विरुद्ध ५. आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. सध्याच्या कायद्यातच असा भेदभाव बंद आहे, त्यामुळे हे अनावश्यक आहे, असं कारण त्यांनी दिलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटलच्या नगर परिषदेने मात्र असा नियम करून टाकला होता. तो मांडणाऱ्या क्षमा सावंत मूळ पुण्याच्या. शहर वेगळं, राज्य वेगळं, देश वेगळा. प्रत्येकाची कायदा करण्याची जागा निराळी, हे या एका विषयात स्पष्ट दिसतं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. विषय समितीने विधेयक मंजूर केलं की, त्यात राज्याचा खर्च असेल तर, ते अर्थविनियोग समितीकडे जातं. तिथे विषय बरा की वाईट हे पाहत नाहीत, फक्त खर्च किती ते पाहतात. दोन्ही सभागृहांचे नियम थोडे वेगळे आहेत, पण साधारणपणे दीड लाख डॉलर्स किंवा त्याहून जास्त खर्चाचा अंदाज आला की विधेयक बाजूला ठेवतात. या राखून ठेवलेल्या गठ्ठ्याला 'सस्पेन्स फाइल' म्हणतात. दीड लाख ही रक्कम राज्याच्या अर्थसंकल्पात काहीच नाही, एका अधिकाऱ्याचा वर्षाचा पगार आणि भत्ते धरले तरी ती भरते. म्हणूनच शेकडो विधेयकं या गठ्ठ्यात जाऊन पडतात. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये, एकाच दिवशी सगळ्यांचा फैसला होतो.

तो दिवस मी अनेक वर्षं पाहिला आहे. खोली खच्चून भरलेली, बाहेरच्या मार्गिकेत माणसं फोनवर थेट प्रक्षेपण लावून उभी. अध्यक्ष यादी वाचायला सुरुवात करतात. विधेयकाचा क्रमांक, सदस्याचं नाव आणि निकाल. 'मंजूर', 'दुरुस्तीसह मंजूर', 'हेल्ड'. एकेका विधेयकाला काही सेकंद. चर्चा नाही, साक्ष नाही, कारण सांगत नाहीत. पाव ते एक-तृतीयांश विधेयकं तिथे थांबतात. एके वर्षी आम्ही चौदा महिने राबून आणलेलं विधेयक असंच गेलं, आणि ते ऐकताना मला धाप लागल्यासारखं झालं. शेजारी उभ्या बाईंनी, त्या आमच्या साक्षीदार होत्या, मला विचारलं, 'आपला नंबर कधी येणार?' आमचा नंबर येऊन गेला होता. त्यांना ते सांगताना मला जे वाटलं ते अजून विसरलेलो नाही.

निर्णय अर्थातच त्या खोलीत होत नाही. आधीच्या दोन-तीन आठवड्यांत समितीचे कर्मचारी, अध्यक्ष आणि सभागृहाचं नेतृत्व बसून तो ठरवतात. खर्च हे खरं कारण असतंच, पण कधीकधी खर्च हे सोयीचं कारणही असतं, एखाद्या वजनदार गटाला नको असलेलं विधेयक कुणालाही मत न द्यायला लावता थांबवण्यासाठी. ही पद्धत मला पटत नाही. मतदाराला आपल्या प्रतिनिधीने काय केलं ते कळलं पाहिजे, आणि इथे ते कळत नाही. २०१६ च्या प्रपोझिशन ५४ ने, म्हणजे लोकांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या प्रस्तावाने, सुनावण्यांचं चित्रीकरण आणि अंतिम मसुदा ७२ तास आधी प्रसिद्ध करणं सक्तीचं केलं, हे मोठं पाऊल होतं. पण जिथे निर्णय होतो ती बैठक चित्रीकरणात येत नाही.

मग तुमच्या विधेयकात खर्च आला कुठून? तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा. २०१८ मध्ये एबी ६२६ मंजूर झालं, त्याने घरच्या स्वयंपाकघरातून गरम जेवण विकण्याची सोय केली. दोन वर्षं चाललेलं विधेयक होतं ते. आरोग्य अधिकाऱ्यांच्या शंका होत्या, म्हणून त्यात तोडगा असा निघाला की प्रत्येक काउंटीने स्वतः ठरवावं. रिव्हरसाइड काउंटी सर्वांत आधी तयार झाली. २०२३ च्या एबी १३२५ ने मर्यादा वाढवून आठवड्याला ९० जेवणं आणि वर्षाला एक लाख डॉलर्स केली. पण निवड काउंटीकडेच राहिली. तुम्ही पाठिंबा दिलेलं विधेयक ही निवड काढून सगळ्या काउंट्यांना सक्ती करत होतं, असं तुम्ही लिहिलंय. इथेच ते अडकलं असणार. राज्याने स्थानिक संस्थेवर नवं काम लादलं तर त्याचा खर्च राज्याने भरायचा, असा नियम १९७९ पासून राज्यघटनेत आहे. सक्ती आली की तपासनीस आले, तपासनीस आले की भरपाईचा आकडा आला, आणि आकडा आला की सस्पेन्स फाइल. या नियमाला एक अपवाद आहे. ते काम करण्यासाठी काउंटीला फी आकारण्याचा अधिकार असेल तर राज्याला भरपाई द्यावी लागत नाही. त्या फीतून तपासणीचा पूर्ण खर्च निघतो हे कागदावर दाखवता आलं, तर तुमच्या विधेयकाचा आकडा बराच खाली येतो. आरोग्य समितीत केलेलं हृद्य भाषण इथे कामाला येत नाही, हा हिशेब येतो.

पुढचा रस्ता थोडक्यात सांगतो. अर्थविनियोगातून सुटलेलं विधेयक सभागृहात जातं. असेंब्लीचं दालन हिरवं, सिनेटचं लाल, ब्रिटिश संसदेच्या दोन सभागृहांसारखं. असेंब्लीत बटण दाबून मत देतात, सिनेटमध्ये नावं पुकारून. तिथे मंजूर झालं की दुसऱ्या सभागृहात हाच सगळा प्रवास पुन्हा, समिती, खर्च, सभागृह. मग गव्हर्नर. सहीसाठी त्यांना एरवी १२ दिवस असतात, सत्राच्या शेवटी आलेल्या विधेयकांना ३०. त्यांनी काहीच केलं नाही तर विधेयक सहीशिवाय कायदा होतं. २०२३ मध्ये त्यांच्याकडे १,०४६ विधेयकं आली आणि त्यांनी १५६ परत पाठवली. नकाराधिकार दोन-तृतीयांश मतांनी उलटवता येतो, पण १९८० नंतर इथे तसं एकदाही घडलेलं नाही. म्हणून शेवटच्या महिन्यात पत्रं गव्हर्नरच्या कार्यालयाकडे गेली पाहिजेत. तिथे बहुतेक लोक थकून गप्प बसतात. कायदा झाला तर सर्वसाधारणपणे तो पुढच्या १ जानेवारीपासून लागू होतो.

अर्थसंकल्पाची वाट वेगळी आहे, तुम्हाला तिची आत्ता गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की तो १५ जूनपर्यंत मंजूर झाला नाही तर सदस्यांचा पगार थांबतो. लोकांनीच २०१० मध्ये मतदानाने तसं ठरवलं. त्याआधी २००९ मध्ये तिजोरीत पैसे नव्हते म्हणून राज्याने लोकांना रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्या दिल्या होत्या. त्यामुळे मे-जूनमध्ये कुठलाही कर्मचारी तुमचा फोन घाईत घेईल, त्याचा राग मानू नका.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. २०१२ पासून पहिल्यांदा निवडून आलेल्या कुणालाही विधिमंडळात एकूण १२ वर्षांपेक्षा जास्त राहता येत नाही. १९८० ते १९९५ इतकी वर्षं स्पीकर राहिलेल्या विली ब्राउन यांच्यासारखं आता कुणी होणार नाही. नवी माणसं येतात हे चांगलं, पण कुठल्या विधेयकाचं पूर्वी काय झालं हे आठवणारे सदस्य उरत नाहीत. ती आठवण राहते कर्मचाऱ्यांकडे आणि व्यावसायिक लॉबिस्टांकडे. म्हणून कार्यालयात तुम्हाला सदस्याऐवजी सव्वीस वर्षांचा एखादा सहायक भेटला तर नाराज होऊ नका. टिपणं तो वाचतो, सदस्याला सल्ला तो देतो. त्याचं नाव, त्याचा ईमेल लिहून घ्या आणि त्याला वर्षभर माहिती पुरवत राहा.

तर आता तुम्ही काय करायचं. तुमचं विधेयक पहिल्या वर्षाचं असेल आणि सदस्याने ते सोडलं नसेल, तर ते दुसऱ्या वर्षात हलवता येतं का ते त्यांच्या कार्यालयाला विचारा, पण मूळ सभागृहातून जानेवारीअखेर बाहेर पडावं लागतं, म्हणजे वेळ फार कमी. मला वाटतं नवीन मसुदा घेऊन जाणं बरं. सप्टेंबरच्या मध्यापासून सदस्य आपापल्या मतदारसंघात असतात. तुमच्या असेंब्ली सदस्याच्या स्थानिक कार्यालयात ऑक्टोबरमधल्या एखाद्या शुक्रवारची वेळ मागा. चार जणी जा, चौघीही त्याच मतदारसंघातल्या. सोबत एकच कागद न्या. वर अडचण तीन ओळींत, खाली मागणी दोन ओळींत, आणि शेवटी हिशेब.

त्या हिशेबासाठी परवाने देणाऱ्या एखाद्या काउंटीच्या पर्यावरण-आरोग्य विभागाला फोन करून तीन गोष्टी विचारा. किती परवाने दिले, एका तपासणीला किती तास लागतात, आणि फी किती घेतात. सार्वजनिक माहिती आहे, ते सांगतात. फी आणि तासांचा मेळ बसत असेल तर तोच आकडा कागदावर ठळक लिहा. आणि हा कागद असेंब्ली सदस्याच्या कार्यालयात देऊन झाला की त्याची दुसरी प्रत फेब्रुवारीपर्यंत जपून ठेवा. विधेयकाला क्रमांक मिळाला की ती आरोग्य समितीच्या सल्लागाराला पाठवा आणि एप्रिलमध्ये, निकालाच्या महिनाभर आधी, अर्थविनियोग समितीच्या सल्लागाराला. यंदा त्याच्या टेबलावर खात्याने दिलेला एकच आकडा होता. पुढच्या वर्षी तुमचाही असू दे.